ढगात ठेवलेली वही

लिहिलेलं जपून कसं ठेवावं आणि ते चार ठिकाणच्या चार यंत्रांवर एकसारखं कसं ठेवावं, या विषयावर मी बोलणार आहे, हे घरी सांगितलं तेव्हा माझा नातू हसत सुटला. त्याचं हसणं रास्त होतं. मी संगणकातली तज्ज्ञ नव्हे. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये चौतीस वर्षं मुलांकडून बाराखडी गिरवून घेतली, आधी मुरबाड तालुक्यात, मग शहापूर तालुक्यात, आणि २०१५ साली निवृत्त झाले. पण एक गोष्ट मी तज्ज्ञांपेक्षा जास्त वेळा केलेली आहे. ती म्हणजे लिहिलेलं हरवणं. आज बोलायचा अधिकार असलाच तर तेवढाच.

नोकरीत असताना ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर सारखं जाणं-येणं असायचं. मूल शाळेत का येत नाही हे विचारायला जायचं आणि परतताना पिशवीत एखादी भाजी आणि डोक्यात एखादा नवा शब्द घेऊन यायचं. शेवळं, लोत, कुर्डू, भारंगी, करटोली, टाकळा, बाफळी. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की आसनगाव, टिटवाळा, कल्याणच्या बाजारात या भाज्यांचे वाटे घेऊन बायका बसलेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. पण कुठली भाजी कुठल्या नक्षत्रात काढायची, कुठलीचा कोंब घ्यायचा आणि कुठलीचं पान, कशात काय घातलं नाही तर घशाला खाज सुटते, हे त्या वाट्याबरोबर मिळत नाही. शेवळं काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची असतात, हे मी खाजऱ्या घशानं शिकले. हे सगळं मी वहीत लिहून ठेवू लागले. निवृत्तीनंतर त्याचं पुस्तक करायचं ठरवलं.

आता वहीचं काय झालं ते ऐका. २००५ साली आम्ही कल्याणला तळमजल्यावर भाड्यानं राहात होतो. २६ जुलैला पाणी घरात शिरलं आणि पलंगाखालची ट्रंक रात्रभर त्यात बुडून राहिली. दुसऱ्या दिवशी वह्या उघडल्या. शाईच्या पेनानं लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन गेलं होतं. बॉलपेनानं लिहिलेलं तेवढं वाचता येत होतं. मी पक्की शाईच्या पेनाची, मुलांनाही तेच सांगणारी. म्हणजे किती राहिलं असेल ते तुम्हीच ओळखा.

मग शहाणी होऊन उरलेलं संगणकावर उतरवून घेतलं. डीटीपीवाल्यानं छान टाइप करून, सीडीवर घालून दिलं. दोन-तीन वर्षांनी ती सीडी भाचीच्या संगणकात घातली, तर पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. फाइल शाबूत होती, पण मराठी गायब. तेव्हा कळलं की त्या काळचे आपले बरेचसे मराठी फाँट हा एक प्रकारचा मुखवटा होता. आत इंग्रजी अक्षरांचेच आकडे, वर देवनागरीचं रूप. तोच फाँट दुसऱ्या यंत्रावर नसेल तर मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा दिलेला आहे. 'क' म्हणजे २३२५, 'ळ' म्हणजे २३५५, मग तो शहापुरात असो की शिकागोत. ज्यांचं लेखन अजून जुन्या फाँटमध्ये पडून आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: ढगाबिगाचा विचार नंतर करा. आधी ते युनिकोडमध्ये आणा आणि आणल्यावर ओळ न ओळ वाचून काढा. कारण त्या बदलात जोडाक्षरं आणि रफार पुष्कळदा जागा सोडतात. अक्षरच पक्कं नसेल तर चार यंत्रांवर काय, चाळीस यंत्रांवर नेऊन उपयोग नाही.

तिसरा अपघात पेनड्राइव्हचा. तोवर कामात माझा एक जुना विद्यार्थी आला होता. तो स्वतः ठाकूर समाजातला, आता मुरबाड तालुक्यात शिक्षक आहे. मी शहापुरात, तो मुरबाडकडे आणि मजकूर तपासणारी भाची पुण्यात. मी महिन्यातून एकदा किन्हवली-सरळगावमार्गे एसटीनं त्याच्याकडे जायची, पेनड्राइव्ह रुमालाच्या गाठीत, सुट्ट्या पैशांबरोबर. एकदा तिकिटासाठी गाठ सोडली आणि पेनड्राइव्ह कुठे पडला ते कळलंच नाही. डेपोत चौकशी केली. कंडक्टरनं सहानुभूतीनं विचारलं, "मावशी, त्यात सोनं होतं का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, भाज्या होत्या."

पुढे वाचनात आलं की, पेनड्राइव्ह विसरणारी मी एकटी नाही. अमेरिकेत ड्र्यू ह्यूस्टन नावाचा, एमआयटीत शिकलेला एक तरुण बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसनं निघाला आणि पेनड्राइव्ह घरीच राहिला. चार तासांचा प्रवास, संगणक मांडीवर आणि काम घरी. त्या वैतागात त्यानं अशी विसराविसर झाली तरी अडणार नाही अशी सोय लिहायला घेतली. त्यातून २००७ साली ड्रॉपबॉक्स ही कंपनी निघाली. पुढे २०१२ मध्ये गुगलनं ड्राइव्ह आणलं, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांच्याही अशाच सोयी आल्या. विसरले दोघंही, तो आणि मी. त्यानं कंपनी काढली, मी डेपोत अर्ज दिला.

तर हा क्लाउड, म्हणजे ढग. नाव ऐकून वाटतं की आपलं लेखन आभाळात कुठेतरी तरंगतंय. मला ते समजलं ते आमच्याकडच्या धरणांवरून. मुंबईतला माणूस नळ सोडतो आणि पाणी येतं. ते भातसाचं की तानसाचं याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. तानसाचं धरण १८९२ सालचं, आणि आज मुंबईला लागणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसातून जातं. ही दोन्ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यात. पाणी साठवलेलं एकीकडे, नळ दुसरीकडे, मध्ये लांबलचक जलवाहिनी. क्लाउडचंही तसंच आहे. कुठेतरी मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, त्यांना गार ठेवण्यासाठी यंत्रणा असते, वीज गेली तर जनरेटर असतात. गंमत म्हणजे अशा इमारती नवी मुंबईत ऐरोली, महापे या भागांत बऱ्याच आहेत, म्हणजे आमच्याच ठाणे जिल्ह्यात. आपली फाइल त्यांतल्या कुठल्या इमारतीत आहे हे आपल्याला कुणी सांगत नाही. नळाच्या पाण्यावर तरी कुठे धरणाचं नाव लिहिलेलं असतं?

आपल्या संगणकावर आणि फोनवर एक छोटा प्रोग्रॅम बसतो आणि एका ठरावीक फोल्डरवर पहारा ठेवतो. फाइलमध्ये काही बदललं की तो बदल वर पाठवतो, आणि त्याच खात्याशी जोडलेली बाकीची यंत्रं तो खाली उतरवून घेतात. याला म्हणतात सिंक होणं. सकाळी मी शहापुरात 'भारंगी' लिहिली की दुपारी माझ्या विद्यार्थ्याच्या फोनवर 'भारंगी' हजर, आणि संध्याकाळी भाचीनं पुण्यात तिची वेलांटी दुरुस्त केली की ती माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात मी एवढी हरखले की उगाचच एक-एक शब्द बदलून त्याला फोन करायची, "आला का रे?" तो बिचारा वर्गातून बाहेर येऊन सांगायचा, "आला, बाई."

पण आमच्या तालुक्यात एक म्हण फार चालते: धरण उशाला आणि कोरड घशाला. ज्या भातसाचं पाणी मुंबईला जातं, तिच्या आसपासच्या कितीतरी वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ढगाचंही तेच झालं. ऐरोलीच्या इमारती जिल्ह्यातच, आणि माळशेजच्या पायथ्याच्या वाड्यांवर रेंज नाही. मुरबाड तालुक्यातलं धसई हे गाव २०१६ च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं, वर्तमानपत्रांत नाव झळकलं. त्याच तालुक्यात माझा विद्यार्थी एका वाडीवर काम झालं की टेकाडावरच्या एका आंब्याखाली जाऊन उभा राहतो. तिथे रेंजच्या दोन काड्या येतात. वाडीतली पोरं त्या आंब्याला 'टॉवर' म्हणतात.

या रेंजमुळेच आमचं पहिलं भांडण झालं. शेवळ्याच्या प्रकरणात मी घरी दुरुस्त्या केल्या. त्याच दिवशी त्यानं वाडीवर, रेंज नसताना, त्याच प्रकरणात आणखी माहिती भरली. संध्याकाळी तो आंब्याखाली पोचला आणि फोल्डरमध्ये शेवळ्याची दोन प्रकरणं दिसू लागली. एक साधं आणि एकाच्या नावाला शेपूट जोडलेलं. मला वाटलं यंत्र बिघडलं. खरं तर यंत्रानं प्रामाणिकपणा केला होता. एकाच मूळ मजकुरातून दोन वेगळे मजकूर निघाले, त्यातला बरोबर कुठला हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं दोन्ही ठेवले. नीट पाहायचं आणि जुळवायचं ते माणसानं.

याला आपल्याकडे जुना शब्द आहे. पाठभेद. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातानं उतरवल्या जात होत्या. उतरवता उतरवता पाठ बदलत गेले, मधे दुसऱ्यांच्या ओव्या शिरल्या. तेव्हा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत तर महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्याचं काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं. आमचं शेवळ्याचं प्रकरण दोन चहांमध्ये जुळलं, पण जात तीच. तेव्हापासून आमचा नियम ठरला. एका वेळी एका प्रकरणाला एकच हात. तो फोन करून सांगतो, "बाई, आज करटोली माझ्याकडे आहे." मग मी करटोलीला शिवत नाही. रेंज चांगली असेल तर दोघांनी एकाच वेळी एकाच पानावर लिहिण्याचीही सोय आज आहे, पण ती आंब्याखाली चालत नाही.

आणखी एक सांगते. सिंक ही फार आज्ञाधारक गोष्ट आहे. ती बरोबर-चूक पाहत नाही. एकदा भाचीचा पुण्याहून फोन. "मावशी, हे काय लिहिलंयस? 'पहिल्या पावसात कोवळे लोक आणावेत, बारीक चिरावेत आणि चिंचेच्या पाल्याबरोबर शिजवावेत'?" मी लिहिलं होतं 'लोत'. फोनच्या कळफलकाला लोत ठाऊक नाही, लोक ठाऊक आहेत. त्यानं आपल्या शहाणपणानं शब्द बदलला, आणि सिंकनं ते नरभक्षण चारही यंत्रांवर इमानानं पोचवलं. आम्ही खूप हसलो. पण मग मनात आलं, आमचं पुस्तकच मुळी असल्या, कळफलकाला ठाऊक नसलेल्या शब्दांचं. असे किती शब्द मला न कळता प्रमाण मराठी होऊन बसले असतील? त्या दिवशी फोनमधली आपोआप दुरुस्ती बंद केली, आणि शब्दकोशात नसलेले शब्द एकेक करून कळफलकाला शिकवले. जुनी शिक्षिका, शिकवायला कंटाळा नाही.

आता मुख्य गोष्ट सांगायची आहे. ती हसण्यासारखी नाही.

आमच्या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग एका ठाकूर आजींचा आहे. नाव सांगत नाही, त्यांच्या घरच्यांची तशी इच्छा आहे. अक्षरओळख नाही, पण रानातला एकही पाला असा नव्हता की ज्याचं नाव त्यांनी चुकवलं. मी वही काढली की त्या खूश व्हायच्या. २०२१ च्या पावसाळ्यात आम्ही त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. गणपतीच्या सुमारास शेवटची बैठक झाली, चांगली चाळीस मिनिटांची. कणगी रिकामी झालेल्या एका श्रावणात त्यांच्या सासूबाईंनी कुठल्याशा वेलाचे कंद आणून सगळ्या घराला जगवलं होतं, ती हकिगत त्यांनी सांगितली. वेल कसा दिसतो, कंद किती पाण्यांत उकळायचा, कुठली चूक केली तर माणूस आजारी पडतो, सगळं. मध्येच थांबून मला म्हणाल्या, "मास्तरीण बाय, लिवून ठेव, नायतर इसरशील." मी हसून फोनकडे बोट दाखवलं. म्हटलं, "आजी, हा लिहितोय."

दिवाळीनंतर आजी गेल्या.

मार्चमध्ये परीक्षांच्या धामधुमीत माझ्या विद्यार्थ्याच्या फोनची जागा भरली. निकालाचे, शाळेचे फोटो कुठे ठेवायचे? त्यानं विचार केला, आपलं पुस्तकाचं सगळं वर ढगात आहेच. इथलं काढून टाकलं तर काय बिघडलं? आणि फोनवरून तो फोल्डर पुसला. आम्ही त्या वेळी चारही यंत्रांवर एकच खातं वापरत होतो. सिंकनं आपलं काम केलं. त्यानं मुरबाडला पुसलं, ते शहापुरात पुसलं गेलं, पुण्यातही पुसलं गेलं.

श्रोतेहो, इथेच बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली होती. सिंक म्हणजे जपणूक नव्हे. सिंक म्हणजे चार आरसे. आरशासमोरची वस्तू उचलली की चारही आरसे रिकामे. जपणूक म्हणजे अशी वेगळी प्रत, जिला या आरशांशी काही देणंघेणं नाही.

मीही त्या दिवसांत आजारपणामुळे संगणक उघडला नव्हता. उघडला तेव्हा फोल्डर नाही. हात थरथरायला लागले. भाचीनं फोनवरून धीर दिला, खात्याची कचरापेटी उघडायला लावली. पुसलेल्या फाइली अशा सोयींमध्ये सहसा तीस दिवस कचरापेटीत राहतात, मग कायमच्या जातात. आम्ही मोजलं, तो सव्विसावा दिवस होता. चार दिवस राहिले होते. प्रकरणं परत आली, फोटो परत आले, आजींची ध्वनिमुद्रणंही एकेक करून परत आली. एक सोडून.

गणपतीतली ती चाळीस मिनिटं नव्हती.

ती का नव्हती हे समजून घ्यायला मला दोन दिवस लागले, म्हणून नीट सांगते. लिहिलेला शब्द फार हलका असतो. देवनागरीचं एक अक्षर साठवायला साधारण तीन बाइट लागतात. तीनशे शब्दांचं पान घ्या, दोनशे पानांचं पुस्तक घ्या, नुसता मजकूर एक एमबीच्या आसपास बसतो. आणि माणसाचा आवाज? साध्या ध्वनिमुद्रणाच्या एका मिनिटालाच जवळजवळ एक एमबी लागतो. म्हणजे आजींच्या त्या चाळीस मिनिटांचं वजन आमच्यासारख्या चाळीस पुस्तकांइतकं. आंब्याखालच्या दोन काड्यांवरून शब्द सहज वर जायचे, आवाज अडकायचा. शिवाय पैसे वाचावेत म्हणून आम्हीच फोनला सांगून ठेवलं होतं, मोठी फाइल वाय-फाय मिळेल तेव्हाच पाठव. ती फाइल गणपतीपासून मार्चपर्यंत फोनमध्ये रांगेत उभी होती. फोल्डरच्या यादीत तिचं नाव दिसत होतं, म्हणून ती वर गेली असं आम्ही धरून चाललो. जी वर गेलीच नव्हती ती कचरापेटीत कुठून सापडणार? कल्याणला एका दुरुस्तीवाल्यानं फोन दोन दिवस ठेवून घेतला. तोवर तिच्या जागेवर निकालाचे फोटो बसले होते.

माझा विद्यार्थी माझ्या घरी आला आणि खाली मान घालून बसून राहिला. म्हणाला, "बाई, माझ्या आजीसारखी होती ती. मीच पुसली." मी त्याला काय बोलणार? आजींनी 'लिवून ठेव' असं मला सांगितलं होतं, त्याला नव्हे. वही माझ्या पिशवीत होती. पेनही होतं.

आम्ही पुन्हा वाडीवर गेलो. आजींच्या सुनेला विचारलं. तिनं त्या वेलाचं एक नाव सांगितलं. शेजारचे एक म्हातारे म्हणाले, तो वेल वेगळा, आणि दुसरं नाव सांगितलं. कंद उकळण्याच्या पाण्यांबद्दलही दोघांचं एकमत नाही. पाठभेद झाला, पण जुळवायला मूळ प्रत नाही. खाण्याची गोष्ट, त्यात विषारी वेलाशी गाठ. अंदाजानं लिहिणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर आम्ही काय बदललं ते थोडक्यात सांगते. कुणाला उपयोग झाला तर त्या चाळीस मिनिटांचं थोडं तरी सार्थक होईल. एक, प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि फोल्डर फक्त वाटून घेतलेला. दोन, फाइलच्या नावाशेजारी वर गेल्याची खूण उमटली का हे पाहिल्याशिवाय फोनवरचं काही पुसायचं नाही. 'दिसते' आणि 'पोचली' यांत फरक आहे. तीन, दर पौर्णिमेला सगळा फोल्डर एका बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवायचा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. पौर्णिमा अशासाठी की तारीख मी विसरते, चंद्र दिसतो. जाणकार सांगतात की महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक तरी दुसऱ्या गावी. आमची दुसऱ्या गावची प्रत पुण्याला भाचीकडे असते. चार, फुकट जागेला मर्यादा असते. गुगलची १५ जीबी आहे, आणि त्यात पत्रं, फोटो, फाइली सगळं आलं. माझी जागा एकदा नातेवाइकांच्या सुप्रभाताच्या चित्रांनी भरली, आणि सिंक गुपचूप थांबलं. फुलं आणि सूर्योदय पुसले तेव्हा पुन्हा सुरू झालं. पाच, आणि हे माझं स्वतःचं, फोन चालू असला तरी वही उघडी ठेवायची. निदान नावं लिहून घ्यायची. बॉलपेनानं.

एक प्रश्न माझ्या विद्यार्थ्यानं फार संकोचानं विचारला. "बाई, राग मानू नका, पण तुमच्या माघारी हे खातं कुणाचं?" मी राग मानला नाही, कारण प्रश्न माझ्या एकटीचा नाही. घरातल्या कपाटाची किल्ली मुलांना सापडते, खात्याचा पासवर्ड आपल्याबरोबर जातो. गुगलनं २०२३ साली धोरण बदललं. दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक खातं त्यातल्या मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं. त्याच खात्यात एक सोयही आहे. इतके महिने मी फिरकले नाही तर या माणसाला कळवा आणि माझ्या फाइली त्याला द्या, असं आधीच नोंदवून ठेवता येतं. मी माझ्या विद्यार्थ्याचं नाव नोंदवलं. मृत्युपत्र करताना मी एवढी गंभीर झाले नव्हते.

आणि शेवटी कागद. आम्ही पुस्तकाच्या चार प्रती छापून काढल्या, शहापूरला झेरॉक्सच्या दुकानात बांधून घेतल्या. एक वाडीवरच्या शाळेत दिली, एक आजींच्या घरी. त्यांच्या घरात वाचणारी नात आहे, सातवीतली. तिनं उभ्याउभ्या दोन चुका काढल्या. दोन्ही बरोबर होत्या.

मागच्या हिवाळ्यात आम्ही तिघं नाणेघाटात गेलो होतो. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून चढून वर गेलं की ती सातवाहनांच्या काळातली लेणी येते, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. आत भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मीतला मोठा लेख आहे. कुठला यज्ञ केला, किती गाई दान दिल्या, किती कार्षापण दिले, आकड्यांसकट. दगडात कोरलेली, त्यांच्या परीनं कायमची प्रत. तरी मधल्या ओळी झिजल्यात, तुकडे पडलेत. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आज नाहीत, पण वर कोरलेली नावं शिल्लक आहेत. माझा विद्यार्थी बराच वेळ तिथे उभा होता. मग म्हणाला, "बाई, यांचं नाव राहिलं आणि माणूस गेलं. आपल्याकडे उलटं झालं."

आमच्या पुस्तकात एकसष्ट नोंदी आहेत. बासष्टाव्या पानावर मला आठवलं तेवढं वेलाचं वर्णन दिलंय, ती श्रावणातली हकिगत दिलीय, आणि नावाची जागा कोरी सोडलीय. खाली लिहिलंय, हे कुणाला ठाऊक असेल तर कळवावं, पण खात्रीशिवाय खाऊ नये. ते कोरं पान चारही यंत्रांवर आहे, हार्डडिस्कवर आहे, पुण्याला आहे आणि वाडीवरही आहे. पावसाळा सुरू झाला की आम्ही पुन्हा वाडीवर जाणार आहोत. आजींच्या एक बहीण डोळखांबच्या बाजूला दिल्या आहेत, असं आता कळलंय. त्या अजून रानात जातात म्हणे. या वेळी फोन विद्यार्थ्याच्या हातात असेल आणि वही माझ्या.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)